जुन्या बागेचा बेवड आणि नवी लागवड : वाराणसी परिसरातील फळबागांचा धडा

फळझाड हे शेतकऱ्याचे दीर्घ मुदतीचे भांडवल होय. हंगामी पिकात झालेली चूक पुढच्या हंगामात सुधारता येते. फळझाडाच्या बाबतीत ती लक्षात येईपर्यंत तीन-चार वर्षे निघून गेलेली असतात. म्हणूनच फळबाग लागवडीच्या योजनांमध्ये जातिवंत कलम, ठिबक सिंचन, खते आणि बाजारपेठ यांचा तपशीलवार विचार केलेला आढळतो. तथापि, जी जमीन आधीच्या बागेने पंधरा, वीस किंवा पन्नास वर्षे वापरली आहे, त्याच जमिनीत पुन्हा तेच फळझाड लावायचे असेल तर त्या जमिनीची स्थिती काय असते, या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. देशात फळबागांचा विस्तार झाला, त्यास आता बराच काळ लोटला आहे. त्यामुळे नव्या जमिनीवरील लागवडीबरोबरच जुन्या बागांच्या जागी होणारी पुनर्लागवड हा फलोत्पादन विकासाचा महत्त्वाचा विषय होऊ लागला आहे. वाराणसी आणि तिच्या आसपासचा प्रदेश या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

एका पिकाने मागे ठेवलेल्या जमिनीच्या स्थितीला मराठी शेतकरी 'बेवड' म्हणतो. उसाला तागाचा बेवड चांगला, ज्वारीला हरभऱ्याचा चांगला, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. मात्र फळझाडाला मागील फळझाडाचा बेवड कसा, हा प्रश्न पूर्वीच्या पिढीपुढे क्वचितच उभा राहिला. कारण आजोबांनी लावलेले झाड नातवाच्या काळातही उभे असे. आता तो प्रश्न एकाच शेतकऱ्याच्या हयातीत उभा राहतो.

वाराणसीची जमीन आणि तिच्या बागा

वाराणसी जिल्हा गंगेच्या मध्य मैदानात येतो. येथील जमीन गाळाची असून तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. नदीच्या पुराचा नवा गाळ जिथे साचतो ती 'खादर' आणि त्याहून उंचावरची, जुन्या गाळाची ती 'भांगर'. भांगर जमिनीत काही खोलीवर चुनखडीचे खडे, म्हणजे 'कंकर', आढळतात. फळबागा मुख्यत्वे पुराच्या पाण्यापासून सुरक्षित अशा उंच जमिनीवर असल्याने कंकराचा थर, निचरा आणि वरच्या थरातील क्षार यांचा विचार येथे टाळता येत नाही.

या प्रदेशाशी काही फळांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. बनारसी लंगडा हा आंबा देशभर प्रसिद्ध आहे आणि एप्रिल 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आवळ्याची 'बनारसी' ही जुनी जात येथलीच. तिच्यापासून पुढे निवड होऊन 'कृष्णा' म्हणजे एनए-5 ही जात पुढे आली. पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर प्रयागराज हे पेरूचे ख्यातनाम क्षेत्र आहे. पेरूची महाराष्ट्रातील लोकप्रिय 'सरदार' अर्थात लखनौ-49 ही जातही मूळच्या अलाहाबादी पेरूच्या रोपांतून 1927 साली पुण्याजवळच्या गणेशखिंड येथे निवडली गेली. गंगेच्या मैदानातील फळे आणि महाराष्ट्रातील बागा यांचे नाते असे जुने आहे.

भौगोलिक मानांकनाचा एक आर्थिक परिणाम येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. मानांकनामुळे फळाचे मूल्य विशिष्ट भूभागाशी बांधले जाते. बनारसी लंगडा या नावाने विकायचा आंबा ठरलेल्या प्रदेशातच पिकला पाहिजे. दुसरीकडे, शहराचा विस्तार, नवे रस्ते आणि कुटुंबातील वाटण्या यांमुळे याच भूभागातील बागांची जमीन कमी होत आहे. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार उत्तर प्रदेशातील सरासरी वहितीधारणा अवघी 0.73 हेक्टर होती. एवढ्या जमिनीच्या मालकाला 'जुनी जागा सोडून दुसरीकडे बाग लावा' हा सल्ला उपयोगाचा नाही. त्याला जुन्या जागीच नवे झाड लावावे लागते. म्हणजे मानांकनाने वाढवलेले मूल्य प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या पदरात पडणार की नाही, हे बऱ्याच अंशी जुन्या मातीवर अवलंबून आहे.

जुन्या जागी नवे झाड का रुजत नाही?

जुन्या बागेच्या जागी त्याच जातीचे झाड लावले असता ते खुजे राहणे, त्याची मुळे काळी पडणे, फळधारणा उशिरा होणे किंवा ते अकाली मरणे, हा अनुभव जगभरचा आहे. युरोप व अमेरिकेतील सफरचंदाच्या बागांमध्ये या विकाराचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. जर्मन भाषेत त्यासाठी 'मातीचा थकवा' या अर्थाचा शब्द रूढ आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील सफरचंद उत्पादकांना जुन्या बागा बदलताना हीच अडचण भेडसावते. कारणे एकाच प्रकारची नसतात. त्यांचे चार गट करता येतात.

पहिला गट जैविक कारणांचा. एकच झाड वर्षानुवर्षे एका जागी राहिले की त्याच्या मुळांवर जगणाऱ्या बुरशी व सूत्रकृमी यांची संख्या त्या मातीत वाढत जाते. मोठे झाड विस्तृत मुळांच्या बळावर हा त्रास सोसते. कोवळे रोप सोसू शकत नाही. झाड तोडले तरी जमिनीत उरलेल्या मुळ्या कुजेपर्यंत या जीवांना आश्रय मिळत राहतो. दुसरा गट रासायनिक कारणांचा. काही झाडांच्या कुजणाऱ्या मुळांतून नव्या मुळांना अपायकारक द्रव्ये सुटतात. पीच या फळझाडाच्या मुळांतून सायनाइडयुक्त द्रव्ये सुटतात, हे त्याचे ठळक उदाहरण. शिवाय बोर्डो मिश्रण किंवा अन्य ताम्रयुक्त बुरशीनाशके अनेक वर्षे फवारली असल्यास तांबे वरच्या थरात साचते, कारण त्याचे विघटन होत नाही. तिसरा गट अन्नद्रव्यांचा. एकाच खोलीवरून एकाच प्रमाणात अन्न उचलले गेल्याने जस्त, बोरॉन यांसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता निर्माण होते आणि वरून दिलेले खत खालच्या थरात पोहोचत नाही. चौथा गट भौतिक कारणांचा. सततच्या उथळ नांगरटीने जमिनीखाली घट्ट थर तयार होतो, आळ्यांत दिलेल्या पाण्यातील क्षार तेथेच साचतात आणि कंकराचा थर असेल तर मुळे खाली जाऊ शकत नाहीत.

कोणत्या बागेत कोणते कारण प्रबळ आहे, हे पाहिल्याशिवाय केलेला उपाय वाया जाण्याचा संभव असतो. निचऱ्याच्या दोषावर बुरशीनाशक ओतणे आणि सूत्रकृमींच्या प्रादुर्भावावर रासायनिक खताची मात्रा वाढवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निरुपयोगी होत.

पेरूची मर आणि आंब्याचे पुनरुज्जीवन

गंगेच्या मैदानात या प्रश्नाचे सर्वांत गंभीर रूप पेरूत दिसते. पेरूच्या मर रोगाची देशातील पहिली नोंद 1935 साली अलाहाबाद येथे झाली. फ्युझेरियम गटातील बुरशी हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. पावसाळ्यात व त्यानंतर लगेच झाडाची पाने पिवळी पडतात, शेंड्याकडून फांद्या वाळतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत झाड मरते. विम्लधर्मी जमिनीत रोगाचे प्रमाण अधिक आढळते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनी जखमा केल्या की बुरशीला आत शिरणे सोपे होते. बुरशी जमिनीत दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे मेलेले झाड उपटून त्याच खड्ड्यात नवे रोप लावणे, म्हणजे ज्याला शेतकरी नांगे भरणे म्हणतात ते, येथे बहुधा दुसरे रोप गमावण्यास कारण ठरते.

आंब्याची स्थिती निराळी आहे. आंब्यात पुनर्लागवडीचा प्रश्न पेरूइतक्या तीव्र रोगाच्या रूपाने दिसत नाही. तिथे जुन्या झाडांची दाटी, सावली, घट्ट झालेली जमीन, क्षार आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची उणीव ही कारणे पुढे येतात. त्यातच आंब्याची मुळे निरोगी असतील तर झाड काढण्याची गरजच नसते. लखनौजवळील रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने जुन्या, दाट झालेल्या आंब्याच्या झाडांची छाटणी करून पुनरुज्जीवनाची पद्धत विकसित केली. झाड जमिनीपासून सुमारे चार ते पाच मीटर उंचीवर छाटून, कापलेल्या जागी ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा लेप देऊन, नव्या फुटव्यांची विरळणी केली असता दोन-तीन वर्षांत फळे पुन्हा सुरू होतात. कोकणातील जुन्या हापूसच्या बागांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही अशाच पद्धतीची शिफारस केलेली आहे.

मातीच्या दृष्टीने या पद्धतीचा लाभ मोठा आहे. खोलवर गेलेली जुनी मुळे हे अनेक दशकांत निर्माण झालेले भांडवल आहे. छाटणीने ते टिकते. झाड उपटले की नष्ट होते. उत्तर प्रदेशात 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आंब्याचे झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, ही बाबही पुनरुज्जीवनाच्या बाजूने आहे. सारांश, 'जुनी बाग' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न समस्या येतात. आंब्यात शक्यतो झाड राखावे व जमीन सुधारावी. मर लागलेल्या पेरूत झाड काढावे आणि जमिनीला विश्रांती द्यावी.

जमिनीची परीक्षा : कार्डाच्या पलीकडे

19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सुरतगढ येथून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेमुळे माती परीक्षणाचा प्रसार झाला, हे मान्य केले पाहिजे. या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही अन्नद्रव्ये आणि सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब अशा 12 बाबी नोंदवल्या जातात. परंतु नमुना 15 ते 20 सेंटिमीटर खोलीवरून घेतला जातो, तोही बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरच्या आणि जिरायती क्षेत्रात 10 हेक्टरच्या चौकटीतून. गहू, भात यांना ही पद्धत पुरेशी आहे. फळझाडाचे मूळ मात्र त्याहून कितीतरी खाली जाते, आणि बुरशी व सूत्रकृमी यांची नोंद पत्रिकेत नसते. परिणामी 'जमीन समाधानकारक' असा अहवाल हाती असूनही रोपे मरू शकतात. यात पत्रिकेचा दोष नाही. ती निराळ्या प्रश्नासाठी तयार झाली आहे.

पुनर्लागवडीपूर्वी 0 ते 15, 15 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर अशा चार थरांतून नमुने घ्यावेत. जुन्या झाडाच्या आळ्यातील नमुना आणि दोन ओळींच्या मधला नमुना वेगळा ठेवावा. एक मीटर खोल खड्डा घेतल्यास घट्ट थर व कंकर डोळ्यांनीच दिसतात.

जैविक दोष ओळखण्यासाठी कुंड्यांची एक साधी चाचणी पुरते. काही कुंड्यांत जुन्या बागेची माती तशीच भरावी. तितक्याच कुंड्यांत तीच माती वाफेने तापवून, थंड झाल्यावर भरावी. उरलेल्या कुंड्यांत जवळच्या, फळझाडे कधीही नसलेल्या शेतातील माती घ्यावी. तिन्हींत एकाच वेळी, एकाच वयाची, ज्या फळाची लागवड करायची त्याचीच रोपे लावून दोन-तीन महिने त्यांची वाढ पाहावी. तापवलेल्या मातीत रोप जोमाने वाढले आणि न तापवलेल्या मातीत खुरटले तर दोष जैविक समजावा. दोन्हींत खुरटले व तिसऱ्या मातीत वाढले तर दोष क्षारांचा, अन्नद्रव्यांचा किंवा मातीच्या घडणीचा असावा. सूत्रकृमींच्या शोधासाठी याहूनही सोपा मार्ग म्हणजे जुन्या मातीत टोमॅटोची रोपे लावून पाच-सहा आठवड्यांनी ती उपटून पाहणे. मुळांवर गाठी दिसल्या की निदान झाले. ही चाचणी एखादे कृषी विज्ञान केंद्र गावातील अनेक शेतकऱ्यांसाठी एकाच वेळी करू शकते. वाराणसी जिल्ह्यात कल्लीपूर येथे असे केंद्र आहे. शिवाय काशी हिंदू विद्यापीठात 1931 पासून कृषी संशोधनाची परंपरा आहे आणि शहनशाहपूर येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. ज्ञानाची साधने जिल्ह्यातच उपलब्ध आहेत, ही जमेची बाजू होय.

विश्रांतीचे वर्ष : कोणते पीक घ्यावे?

जमिनीला विश्रांती म्हणजे ती ओसाड ठेवणे नव्हे. प्रश्न मधल्या काळात कोणते पीक घ्यावे, हा आहे, आणि येथेच एक मोठा धोका संभवतो. वाराणसीच्या परिसरात भाजीपाल्याला हुकमी बाजार आहे. त्यामुळे बाग काढल्यावर वांगी, टोमॅटो, भेंडी किंवा वेलवर्गीय भाज्या घेण्याकडे स्वाभाविक कल असतो. परंतु मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची हीच आवडती पिके आहेत. म्हणजे शेतकरी ज्याला विश्रांती समजतो ती प्रत्यक्षात शत्रूची बडदास्त ठरते.

या हवामानात उपयुक्त ठरेल असा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल. हिवाळ्याअखेर जुनी झाडे शक्य तितक्या मुळांसह काढून मुळ्या वेचून जाळाव्यात. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. मे-जूनमध्ये येथे पारा वारंवार 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेव्हा नव्या खड्ड्यांच्या जागी माती ओलवून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापू द्यावी. या उष्णतेचा परिणाम वरच्या थरापुरता असतो, म्हणून केवळ त्यावर विसंबून राहू नये. पावसाळ्यात जिथे पाणी साठवता येईल तिथे भात घ्यावा. साचलेल्या पाण्यात हवेअभावी सूत्रकृमी व काही बुरशी यांची संख्या घटते. उंच जमिनीवर ताग किंवा धैंचा पेरून गाडावा. हिवाळ्यात मोहरी घ्यावी. मोहरीवर्गीय पिकांचे अवशेष जमिनीत कुजताना जी द्रव्ये सुटतात ती जमिनीतील अनेक रोगजीवांना घातक असतात.

झेंडूचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये काही जातींच्या सूत्रकृमींना मारक ठरतात. त्यासाठी पीक दाट आणि किमान दोन-तीन महिने उभे असावे लागते, आणि सर्व जातींच्या सूत्रकृमींवर परिणाम सारखा होत नाही. तरीही वाराणसीत मंदिरांमुळे फुलांना बारमाही मागणी असून मलदहियासारखा मोठा फूलबाजार आहे. जमीन सुधारणारे पीकच जिथे रोख पैसा देते, तिथे विश्रांतीचा भार हलका होतो.

पुढील पावसाळ्यात लागवड करताना जुना खड्डा टाळावा. 10 मीटर अंतराच्या आंबाबागेत चार जुन्या झाडांच्या मध्यबिंदूवर नवे कलम लावल्यास ते प्रत्येक जुन्या खोडापासून सुमारे सात मीटर दूर राहते. सहा मीटर अंतराच्या पेरूबागेत हेच अंतर सव्वाचार मीटरच्या आसपास भरते. खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मासारखी उपकारक बुरशी वापरावी. पेरूसाठी मर रोगास प्रतिकारक्षम खुंटांवर लखनौच्या संस्थेत काम झाले असून अशा खुंटावरील कलमे मिळाल्यास त्यांना प्राधान्य द्यावे. रोपवाटिकेतील रोपाच्या मुळांवर गाठी असतील तर सुधारलेली जमीनही पुन्हा दूषित होते, हे विसरता कामा नये.

थांबण्याची किंमत

तांत्रिक शिफारस इतकी स्पष्ट असताना शेतकरी ती का पाळत नाही? याचे उत्तर अज्ञानात शोधण्याची सवय आहे. ते पूर्णांशाने खरे नाही. थांबण्याला किंमत असते, आणि ती सर्वांना सारखी नसते.

केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. सहा मीटर अंतराने एक हेक्टरमध्ये पेरूची 277 झाडे बसतात. लागवड एक वर्ष पुढे ढकलली की बागेचे सर्व उत्पन्न एक वर्षाने लांबते. पैशाची किंमत दरसाल 10 टक्के धरली तर त्या उत्पन्नाचे आजचे मूल्य सुमारे 9 टक्क्यांनी, म्हणजे साधारण अकराव्या हिश्श्याने, घटते. मधल्या वर्षाचे हंगामी पीक नव्या बागेत आंतरपीक म्हणूनही घेता आले असते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सोडून देऊ. याचा अर्थ, विश्रांतीमुळे 277 पैकी किमान 25 झाडे वाचणार असतील तर थांबणे फायद्याचे आहे. मर लागलेल्या बागेत ही अपेक्षा अवास्तव नाही.

आता हाच हिशेब सावकाराकडून दरमहा 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के दराने, पैसे घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी करावा. त्याच्या दृष्टीने एका वर्षाचा विलंब म्हणजे मूल्यात सुमारे 19 टक्के घट. थांबणे परवडण्यासाठी त्याची किमान 54 झाडे वाचली पाहिजेत. विश्रांती दोन वर्षांची असेल तर 10 टक्के दराने घट सुमारे 17 टक्के, तर 24 टक्के दराने ती 35 टक्क्यांवर जाते. माती तीच, रोग तोच, सल्लाही तोच. परंतु एका शेतकऱ्यासाठी तो शहाणपणाचा आणि दुसऱ्यासाठी न परवडणारा ठरतो. ज्याला वेळ महाग पडतो तो घाईने लावतो, त्याची झाडे मरतात, तो पुन्हा कर्ज काढतो आणि वेळ आणखी महाग होते. लहान बागायतदाराची जमीन बहुधा याच चक्रात खालावत जाते.

यातून निष्कर्ष असा निघतो की, जुन्या बागेत जमिनीला दिलेली विश्रांती हा खर्च नसून भांडवली गुंतवणूक आहे, आणि तिला कलमांइतकेच वित्तसाहाय्य मिळाले पाहिजे. विकसित देशांनी हा प्रश्न दीर्घकाळ मिथाइल ब्रोमाइडसारख्या धुरीने सोडवला. ओझोनच्या थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारानुसार त्याचा वापर, काही अपवाद वगळता, विकसित देशांत 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांत 2015 पर्यंत बंद करण्याचे ठरले. तो जलद मार्ग आता उपलब्ध नाही आणि लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातही तो कधी नव्हता. जो मार्ग उरतो तो काळाचा आहे, आणि काळ विकत घ्यावा लागतो.

धोरणाची दिशा

2005-06 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानात जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी तरतूद होती. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुन्या बागांचे पुनरुज्जीवन वा बदल यासाठी हेक्टरी 40 हजार रुपये खर्च गृहीत धरून त्याच्या निम्मे साहाय्य, प्रति लाभार्थी दोन हेक्टरच्या मर्यादेत, ठरवण्यात आले. दिशा योग्य होती. तथापि पुनरुज्जीवन आणि बदल या मातीच्या दृष्टीने अगदी भिन्न असलेल्या दोन गोष्टी एकाच बाबीखाली एकत्र आल्या. या अनुभवाच्या आधारे पुढील सूचना विचारात घेता येतील.

1. पुनर्लागवडीचे साहाय्य दोन टप्प्यांत द्यावे. पहिला हप्ता झाडे व मुळ्या काढणे, खोल माती परीक्षण आणि विश्रांतीचे पीक यांसाठी. दुसरा हप्ता परीक्षणाचा अहवाल समाधानकारक आल्यानंतर कलमांसाठी.

2. फळबागांसाठी मृदा आरोग्य पत्रिकेचा स्वतंत्र नमुना असावा. त्यात चार थरांची नोंद, सूत्रकृमींची तपासणी आणि मागील फळझाडाचा इतिहास यांचा समावेश व्हावा.

3. बागबदलासाठीच्या मुदतकर्जात परतफेडीची सवलत फळधारणेच्या वर्षापासून मोजावी आणि विश्रांतीचे वर्ष तिच्यात धरावे.

4. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेल्या क्लीन प्लांट कार्यक्रमात देशात नऊ केंद्रे उभारण्याची योजना आहे. निरोगी मातृवृक्षांबरोबरच रोपवाटिकांतील माती व रोपांची मुळे सूत्रकृमीमुक्त असण्यावरही तितकाच भर दिला जावा.

5. संपूर्ण बाग एकदम न काढता तीन-चार भागांत, टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या शेतकऱ्यास साहाय्यात प्राधान्य द्यावे. मर रोग सर्व बागेत पसरलेला नसेल तर उरलेल्या भागाचे उत्पन्न विश्रांतीच्या काळात घर चालवते.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रात 1990 साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम सुरू झाला आणि राज्याच्या फलोत्पादनाचा चेहरामोहरा बदलला. 2018-19 पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेची त्यात भर पडली. पहिल्या पिढीतील बागांना आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आंब्याच्या बागा पुनरुज्जीवनाने सावरता येतील. संत्रा, मोसंबी आणि डाळिंब यांचे आयुष्य मात्र त्याहून कितीतरी कमी असते. विदर्भातील संत्र्याला फायटोफ्थोरा या बुरशीमुळे होणारी मूळकूज आणि डाळिंबाला मर रोग व सूत्रकृमी यांचा उपद्रव होतो. हे सर्व जमिनीतून येणारे विकार आहेत. नागपूर येथील लिंबूवर्गीय फळांची आणि सोलापूर येथील डाळिंबाची राष्ट्रीय संशोधन संस्था यांचे मार्गदर्शन राज्याला जवळच उपलब्ध आहे. नांगे भरण्याचे साहित्य पुरवण्याआधी त्या खड्ड्यातील मातीची परीक्षा झाली, तर शेतकऱ्याचे पैसे आणि वर्षे दोन्ही वाचतील.

फलोत्पादनाच्या पहिल्या टप्प्यात किती हेक्टरवर लागवड झाली, हे यशाचे माप होते. दुसऱ्या टप्प्यात लावलेल्या झाडांपैकी किती झाडे पाचव्या वर्षी जिवंत व फळती आहेत, हे माप असावे लागेल. वाराणसीचा लंगडा आणि प्रयागराजचा पेरू पुढील पिढीलाही त्याच मातीत मिळावा असे वाटत असेल, तर त्या मातीला लागणारा वेळ शेतकऱ्याला परवडेल अशी व्यवस्था करणे, हेच खरे पुनर्लागवडीचे धोरण ठरेल.